पोटासाठी गहाण पडलेली भाषा

ठाणे जिल्ह्याचा कारभार टेंभी नाक्यापासून पायी जाता येईल एवढ्या टापूत चालतो. जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा न्यायालय, मध्यवर्ती कारागृह हे सगळे जवळपास. नाक्यावरच विठ्ठल सायन्ना जिल्हा रुग्णालयाची जागा, आणि राज्याच्या राजकारणाला कलाटणी देणारा आनंदाश्रमही इथलाच. मराठीचा अभिमान हा तर या गावाचा जुना वारसा. वि. ल. भावे यांच्या पुढाकाराने मराठी ग्रंथसंग्रहालय निघाले ते १८९३ मध्ये, ठाण्यातच. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन २०१० मध्ये ठाण्यात भरले, २०१७ मध्ये डोंबिवलीत. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जा जाहीर झाला, तेव्हा इथे झालेला आनंद रास्तच होता. पण याच जिल्ह्याच्या डोंगरकपारीत मराठीच्या शेजारी पिढ्यानपिढ्या नांदत आलेल्या भाषांना या कारभारात स्थान नाही. वारली, कातकरी, ठाकरी, कोकणा. या भाषा डोळ्यांदेखत विझत चालल्या आहेत. त्या विझवण्यात हात आहे तो कोणा शत्रूचा नव्हे, तर आपल्याच विकासयोजनांच्या आखणीचा. वेळीच सावध झालो नाही, तर पुढच्या पिढीला त्या फक्त ध्वनिफितींत सापडतील, आणि त्या ध्वनिफिती तरी कोणी केल्या आहेत?

आधी आवाका ध्यानात घेऊ. २०११ च्या जनगणनेत तेव्हाच्या अखंड ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या १ कोटी १० लाखांहून अधिक होती आणि त्यात अनुसूचित जमातींचे लोक १५ लाखांच्या घरात होते. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला आणि वारल्यांचा मोठा मुलूख तिकडे गेला. त्यामुळे ‘आदिवासींचा प्रश्न आता पालघरचा’ असा एक सोयीस्कर समज ठाण्यात रुजला. वस्तुस्थिती तशी नाही. शहापूर, मुरबाड, भिवंडी तालुक्यांत पाडेच्या पाडे आहेत. इतके लांब कशाला जायचे, येऊरच्या डोंगरावरचे पाटोणपाडा, जांभूळपाडा हे ठाणे महापालिकेच्याच हद्दीतले. घोडबंदर रस्त्यावरच्या तिसाव्या मजल्यावरून खाली पाहिले तरी दिसावेत, इतके जवळ.

यांतल्या कातकऱ्यांची अवस्था सर्वांत बिकट. महाराष्ट्रातल्या कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या तीन जमातींची केंद्र सरकारने विशेष दुर्बळ आदिवासी समूह म्हणून नोंद केली आहे. २०११ मध्ये राज्यातल्या कातकऱ्यांची संख्या सुमारे २ लाख ८५ हजार होती. खैराच्या लाकडापासून कात काढणारी ही जमात. वनकायद्यांनी जंगल बंद केले, कात गेला, मग कोळसा पाडणे आले, आणि आता वीटभट्टी. धंदा दोनदा बदलला, प्रत्येक वेळी नवा मालक आला आणि प्रत्येक वेळी मालकाची भाषा वरचढ ठरली.

भाषा कशी जाते हे पाहायचे तर भट्टीवर जावे. दिवाळीच्या आगेमागे मुकादम पाड्यावर येतो आणि उचल देतो. कुटुंब भिवंडी, कल्याण, अंबरनाथच्या पट्ट्यातल्या भट्टीवर जाते ते पावसाच्या तोंडावर परतते. कच्च्या विटा रचून, वर पेंढा-पत्रा टाकून केलेला भोंगा हे त्यांचे घर. अपरात्री उठून गारा तुडवायचा, उजाडता उजाडता साच्यातून विटा पाडायच्या. आठवड्याला खर्ची मिळते आणि हिशेब हंगामाच्या शेवटी, तोही शेठच्या वहीतला. या सहा-सात महिन्यांत म्हातारी माणसे बहुधा पाड्यावरच राहतात आणि नातवंडे भट्टीवर असतात. आजी एकीकडे, नातू दुसरीकडे. ज्या वयात गोष्टी ऐकायच्या, झाडापाल्याची नावे तोंडात बसायची, त्याच वयात मुलाच्या कानावर पडतात त्या मुकादमाच्या मराठी-हिंदी शिव्या. भाषा एका पिढीकडून दुसरीकडे जाते ती अशा रिकाम्या संध्याकाळी, मांडीवर बसून. त्या संध्याकाळीच उचलीत गहाण पडल्या, तर भाषेने जायचे कुठून?

शाळेने ही तूट भरून काढायला हवी होती. शाळा मुलांच्या दारात नेण्याचे धडे याच मातीत गिरवले गेले होते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला सुरू केलेले काम १९५७ मध्ये कोसबाडच्या टेकडीवर गेले. मुले शाळेत येत नाहीत तर शाळा अंगणात आणि कुरणात न्यायची, ही त्यांची रीत. विधायक संसद या संस्थेने वीटभट्ट्यांवर भोंगा शाळा चालवल्या त्याही याच जातकुळीच्या. पण सरकारी यंत्रणेने यातले अंगण घेतले आणि घरची बोली बाहेर ठेवली. पहिलीत आलेल्या कातकरी मुलासमोर पाठ्यपुस्तकातली प्रमाण मराठी येते. ते गप्प बसते, गुरुजी त्याला मंद ठरवतात, आणि चौथीपर्यंत ते मूल एक गोष्ट पक्की शिकते, की आपल्या घरात बोलतात ते बाहेर बोलायचे नसते. घटनेचे ३५०-अ कलम प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय करायला सांगते. हे कलम १९५६ च्या घटनादुरुस्तीने आले. इतकी दशके उलटली, या जिल्ह्यातल्या कातकरी मुलांच्या वाट्याला ते अजून आलेले नाही.

इथवरची कहाणी जुनी म्हणता येईल. खरी घंटा वाजवायला हवी ती नव्या गोष्टीसाठी. १५ नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्राने विशेष दुर्बळ समूहांसाठी ‘पीएम-जनमन’ हे अभियान सुरू केले. तीन वर्षांसाठी २४,१०४ कोटी रुपये. पक्की घरे, रस्ते, नळाचे पाणी, फिरते दवाखाने, वसतिगृहे, वनधन केंद्रे, मोबाइलचे मनोरे, कौशल्य प्रशिक्षण आणि प्रत्येकी ६० लाख रुपये खर्चाची १,००० बहुउद्देशीय केंद्रे. यातल्या एकाही गोष्टीला नावे ठेवण्याचे कारण नाही. कातकऱ्यांना घर, पाणी, रस्ता मिळणे हे उशिरा आलेले शहाणपण आहे आणि त्याचे स्वागतच केले पाहिजे. मात्र एवढ्या मोठ्या यादीत भाषेसाठी कलम नाही. बहुउद्देशीय केंद्राचे उद्देश मोजले तर अंगणवाडी आहे, आरोग्यसेविका आहे. त्या जमातीची भाषा हा त्या केंद्राचा उद्देश नाही. ६० लाखांच्या इमारतीत दोन जाणत्या म्हाताऱ्यांचे मानधन बसत नाही!

कोणी म्हणेल, भाषा नसली तर नसली, प्रशिक्षण तर आहे. इथेच तर मेख आहे. आजचे कौशल्य प्रशिक्षण तरुणाला पाड्यातून उचलून भिवंडीच्या गोदामात, घोडबंदरच्या सोसायटीच्या फाटकावर किंवा मॉलच्या सफाईच्या कामावर नेऊन सोडण्यासाठी आखलेले असते. ती कामे वाईट नाहीत, भट्टीपेक्षा तर कितीतरी बरी. पण या आखणीत तरुणाला जे जन्मापासून येते त्याची किंमत शून्य धरलेली असते. त्याला जंगल वाचता येते, त्याच्या आईला शंभर पाल्यांची पारख असते, त्याच्या आजोबांना पाणी कुठे लागेल हे कळते. हे सगळे ज्या भाषेत साठवलेले आहे ती भाषा प्रशिक्षणाच्या दारात चपलांसारखी काढून ठेवायची. मुलाखतीआधी घासून काढायचा दोष, एवढीच तिची ओळख. मग ज्या बापाला स्वतःच्या बोलीपायी नोकरी हुकली, तो मुलाशी त्या बोलीत बोलेल कशाला? शाळेने लाज शिकवली, आता रोजगार त्या लाजेवर शिक्का मारतो आहे.

याच्या उलट काय घडू शकते, याचे उदाहरण जिल्ह्यातच आहे. शहापूर तालुक्यातल्या कातकरी तरुणांनी गुळवेल गोळा करून, वाळवून, भुकटी करून विकण्याचा उद्योग उभा केला. वनधन योजनेचा आधार मिळाला आणि २०२० च्या सुमारास, काढ्याच्या त्या दिवसांत, नामांकित औषध कंपन्यांची मागणी त्यांच्यापर्यंत पोहोचली. गुळवेल कोणत्या झाडावर चढलेली घ्यावी, केव्हा तोडावी, किती ठेवावी म्हणजे पुन्हा फुटेल, हे त्यांना कोणत्याही संस्थेने शिकवले नव्हते. ते घरातून आले होते, घरच्या भाषेतून आले होते. हीच गोष्ट रोज आपल्या नजरेसमोर घडते, पण आपण ती भाजी म्हणून विकत घेतो. जूनच्या पहिल्या पावसात टेंभी नाक्यालगतच्या जांभळी नाक्यावर, कल्याण-डोंबिवलीच्या स्टेशनांबाहेर आदिवासी बाया शेवळे घेऊन बसतात. शेवळ्याच्या जुडीबरोबर काकडाची हिरवी फळे असतातच, कारण त्यांच्या आंबटपणाशिवाय शेवळे घशाला खाजते. कडूकंद तर राखेच्या पाण्यात उकळून, वाहत्या ओढ्यात ठेवून कडूपणा काढल्याशिवाय खाता येत नाही. चुकले तर माणूस आजारी पडतो. हे ज्ञान पुस्तकात नाही. ते बायकांच्या बोलण्यात आहे. बोलणे थांबले की पाककृतीबरोबर तिच्यातली खबरदारीही जाईल.

आणि बाजार भाषेशिवाय संस्कृती उचलतो तेव्हा काय होते, तेही या जिल्ह्याने पाहिले आहे. वारली लग्नात सवाशिणी भिंतीवर चौक काढतात आणि लग्न लावणारी धवलेरी गाते. गाण्यातून देवता बोलावल्या जातात, विधी पुढे सरकतो. चित्र आणि गाणे हे एकच काम. १९७० च्या दशकात ही चित्रे कागदावर आली. वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांनी त्यांना जगभर नेले आणि २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. कलेला मान मिळाला, शेकडो घरांना मिळकत मिळाली, हे चांगलेच झाले. पण बाजाराने चित्र घेतले आणि गाणे मागे ठेवले. आज वारली नक्षी उशीच्या अभ्र्यावर आहे, उड्डाणपुलाखालच्या भिंतीवर आहे, चहाच्या कपावर आहे. चित्रकलेचे वर्ग निघाले. धवलेरीकडे शिकायला कोण बसले? घांगळी वाद्याच्या साथीने धान्यदेवता कणसरीची कथा रात्रभर सांगणाऱ्यांच्या मागे किती जण उभे आहेत? कौशल्य विकासाच्या नावाखाली उद्या कातकऱ्यांच्या जंगलज्ञानाचेही हेच होणार असेल, तर भुकटी उरेल आणि भाषा जाईल.

यावर दोन आक्षेप ठरलेले आहेत. पहिला, आधी पोटोबा मग विठोबा. भुकेल्याला भाषेचे काय कौतुक? हा आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नाही. ७ जानेवारी १९४५ रोजी कल्याणजवळच्या टिटवाळ्यात किसान सभेचे अधिवेशन भरले, तिथून वारल्यांच्या उठावाची ठिणगी पडली. शामराव आणि गोदावरी परुळेकरांच्या मागे वारली उभे राहिले ते वेठ संपावी म्हणून, मजुरी वाढावी म्हणून. त्याच वर्षी ऑक्टोबरात तलवाड्याला गोळ्या झेलल्या त्याही पोटासाठीच. पोटाचा प्रश्न पहिला हे कोणीही नाकारणार नाही. आमचे म्हणणे इतकेच, की पोटोबा आणि विठोबा यांच्यात भांडण लावले कोणी? जिथे भाषेतूनच पोट भरण्याची सोय होऊ शकते, तिथे ती वेगळ्या खात्यात टाकून दोन्हीकडून तोंडाला पाने पुसली जात आहेत. सांस्कृतिक खाते महोत्सव भरवते, कौशल्य खाते शिलाई यंत्रे वाटते आणि दोघांची भेट होत नाही.

दुसरा आक्षेप, या तर मराठीच्याच बोली, मराठी टिकली की पुरे. ज्यांना हे म्हणायचे आहे त्यांनी आपल्याच तक्रारी आठवाव्यात. मराठी शाळा का ओस पडतात, या प्रश्नाला आपण काय उत्तर देतो? मराठीतून नोकरी मिळत नाही म्हणून. रोजगार तुटला की भाषा घरातूनही उठते, हे आपल्याला मराठीच्या बाबतीत अचूक कळते. मग हाच नियम कातकरीला लागू होताना आपल्या डोळ्यांवर पट्टी का यावी? जो इंग्रजीपुढे आपल्या भाषेसाठी न्याय मागतो, त्याने आपल्या दारातल्या धाकट्या भाषेला तो देऊ नये, याला दुटप्पीपणा म्हणतात.

मोजणीतही या भाषांची फरपटच आहे. ग्रिअर्सनच्या भाषासर्वेक्षणाने १९०५ च्या सातव्या खंडात वारली, कातकरी यांची नोंद घेतली होती. गणेश देवी यांच्या भाषांच्या लोकसर्वेक्षणाचा महाराष्ट्राचा खंड अरुण जाखडे यांच्या संपादनाखाली २०१३ मध्ये निघाला, त्यानेही ती घेतली. सरकारी जनगणनेत मात्र वारली ‘भिली/भिलोडी’च्या मोठ्या गठ्ठ्यात बांधली जाते आणि दहा हजारांपेक्षा कमी बोलणारे नोंदले गेले तर ती मातृभाषा ‘इतर’ या रकान्यात गडप होते. आता नव्या जनगणनेचा संदर्भदिन १ मार्च २०२७ ठरला आहे. म्हणजे मोजणी फेब्रुवारीत. फेब्रुवारीत कातकरी कुठे असतो? भट्टीवर. तिथे प्रगणक जाईल, मुकादमाला विचारेल आणि मातृभाषेच्या रकान्यात ‘मराठी’ लिहून मोकळा होईल. दहा वर्षांनी पुन्हा कोणी विचारले, तर सरकार आकडा दाखवील, की ही भाषा बोलणारे आहेतच कुठे? मग जागे होणे म्हणजे बैल गेला अन् झोपा केला.

जगाने यावर वाटा शोधल्या आहेत. न्यूझीलंडमध्ये १९८२ मध्ये माओरी आज्या-आजोबांच्या हाती बालवाड्या सोपवल्या गेल्या. मुलांना भाषा मिळाली आणि वडीलधाऱ्यांना मान मिळाला, पुढे १९८७ मध्ये माओरी राजभाषा झाली. आपल्या शेजारी गुजरातेत तेजगढच्या आदिवासी अकादमीने आदिवासी तरुणांच्या शिक्षणाचे आणि त्यांच्या भाषांचे काम एकाच आवारात चालवले. संयुक्त राष्ट्रांनी २०२२ ते २०३२ हे दशक मूलनिवासींच्या भाषांना वाहिले आहे. केंद्राने सप्टेंबर २०२५ मध्ये ‘आदि वाणी’ हे भाषांतराचे अ‍ॅप आणले, त्यात सुरुवातीला संथाली, भिली, मुंडारी, गोंडी आल्या. ठाण्याची एकही भाषा स्वतःच्या नावाने आली नाही. जिचे शब्द कोणी टिपलेच नाहीत, ती यंत्राला शिकवणार तरी कशी?

म्हणून मागण्या नेमक्या असाव्यात. पहिली, आदिवासी विकास विभागाने ठाणे जिल्ह्यातल्या प्रत्येक बहुउद्देशीय केंद्रात आणि वनधन केंद्रात जमातीतल्या दोन जाणत्या व्यक्तींना भाषाशिक्षक म्हणून मानधनावर नेमावे. त्यांत एक बाई असावीच. त्यांची पात्रता गावसभेने ठरवावी, पदवी मागू नये. दुसरी, कौशल्य प्रशिक्षणाच्या यादीत भाषेवर चालणारी कामे घालावीत. रुग्णालयातला दुभाषा, न्यायालयातला दुभाषा, अंगणवाडीतली बोलीसेविका, वनौषधींची नोंद करणारा, ध्वनिमुद्रण करणारा. शहापूर-मुरबाडहून आलेली बाई पोटात कळ कुठे येते, कधीपासून येते हे आपल्या भाषेत सांगू शकली पाहिजे, आणि ते ऐकून डॉक्टरला सांगणारे माणूस पगारी पाहिजे. जिल्हा रुग्णालयाच्या नव्या आराखड्यात दुभाष्याचे टेबल आजच धरावे. आरोपीला पुरावा त्याला समजेल अशा भाषेत सांगायचा, ही तरतूद फौजदारी प्रक्रियेत आहेच. ती कागदावर राहू नये म्हणून दुभाष्यांची यादी जिल्हा न्यायालयाने मागवावी.

तिसरी मागणी भट्टीची. हंगामात भोंग्यावर शाळा चालवायची तर तिथे त्याच जमातीचा शिकलेला तरुण नेमावा. त्याला भट्टीची मजुरी नको आणि मुलांना मुकी शाळा नको, दोन्ही गोष्टी एका नेमणुकीत साधतात. चौथी, जनगणनेआधी जिल्हाधिकाऱ्यांनी भट्ट्यांची यादी करून प्रगणकांना स्पष्ट सूचना द्याव्यात, की मातृभाषा कुटुंबाला विचारायची, मालकाला नाही, आणि सांगतील तीच लिहायची. आदिवासी संघटनांनी पाड्यापाड्यांवर हे आधीच सांगून ठेवावे. पाचवी, पुण्याची आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था आणि मुंबई विद्यापीठाचे ठाणे उपकेंद्र यांनी मिळून या भाषांचा संग्रह करावा. तो करताना सांगणाऱ्याचे नाव आणि हक्क शाबूत ठेवावेत, नाहीतर गुळवेलीचे ज्ञान उद्या भलत्याच्याच नावे लागेल.

यातल्या कशालाही नवा कायदा लागत नाही. पैसा आहे, इमारती आहेत, कचेऱ्या टेंभी नाक्याच्या आसपास आहेत. मराठीवरच्या प्रेमाची भाषणे करणाऱ्यांची तर इथे वाण नाही. त्यांच्या प्रेमाची कसोटी पुढच्या सरकारी भरतीत लागेल. ठाणे जिल्ह्यातल्या एखाद्या पदाच्या जाहिरातीत, पात्रतेच्या रकान्यात, ‘कातकरी किंवा वारली बोलता येणे आवश्यक’ ही ओळ छापून आली, तर त्या भाषेला पोटाशी नाते परत मिळाले म्हणता येईल. ती ओळ येत नाही तोवर २४ हजार कोटींतून घरे बांधली जातील, आणि त्या घरांत राहणारी मुले आपल्या आजीशी दुसऱ्याच भाषेत बोलतील. याची जबाबदारी मग जंगलावर, गरिबीवर किंवा काळावर ढकलता येणार नाही.